पाटीमागचं तणस

गेल्या महिन्यात मुलाचा फोन आला. नागपूरच्या रस्त्यावर गाडी तापली आहे, समोर लाल दिवा लागलाय, बॉनेटमधून वाफ येतेय आणि आपण आता झाकण उघडून पाणी टाकतोय, असं तो मला अगदी सहज सांगत होता. मी इतक्या जोरात ओरडले की शेजारच्या वहिनी दारात येऊन उभ्या राहिल्या. झाकणाला हात लावू नको, गाडी सावलीत घे, इंजिन बंद कर आणि गप बसून राहा, निवू दे तिला, असं मी त्याला दरडावलं. मग निवल्यावर काय काय पाहायचं ते एकेक करून सांगितलं. बाटलीतलं ते रंगीत पाणी कुठल्या खुणेवर आहे, खाली जमिनीवर ओल दिसते का, तेलाच्या पट्टीवर फेस आहे का, आणि सगळ्यात आधी समोरच्या जाळीत काही अडकलंय का. सगळा जन्म शाळेत मराठी शिकवण्यात घालवलेल्या आईला हे कुठून ठाऊक, असं त्याला वाटलं असणार. त्यानं विचारलंही. मी म्हटलं, घरी शिकले. एवढ्यावर त्याचं समाधान झालं. माझं झालं नाही, म्हणून हे लिहायला बसले.

आमचं घर भंडारा जिल्ह्यातल्या चिखल्याला, मँगनीजच्या खाणीच्या कॉलनीला लागून. कॉलनीत नव्हे, लागून. हा फरक तेव्हा फार मोठा होता, कारण खाणीचा नळ कॉलनीच्या शेवटच्या घरापाशी संपायचा आणि आमची विहीर तिथून पुढे सुरू व्हायची. बाबा आधी खाणीत खाली उतरायचे. पुढे खोकल्यानं त्यांना धरलं, खाली दम पुरेना, तेव्हा त्यांनी खाण सोडली आणि एक जुनी डिझेलची जीप घेतली. चिखला ते तुमसर सवारी. आमच्याकडे अशा गाडीला काळी-पिवळी म्हणतात, आणि तिच्यात किती माणसं मावतात हे ती बनवणाऱ्यालाही ठाऊक नसतं. पहाटे खाणीचा भोंगा, त्यामागोमाग बाबांचा खोकला, मग जीपच्या सेल्फची कुरकूर, या क्रमानं आमचा दिवस उजाडायचा. दुपारी जमिनीच्या पोटात सुरुंग उडाला की मांडणीवरची जर्मनची भांडी एकमेकांना लागून वाजायची आणि माय न बघताच एका हातानं परात धरायची. तिन्हीसांजेला चुलीवर भात रटरटायचा, लाखोळीच्या डाळीचं वरण असायचं, कधी तव्यावर भाजलेल्या झिंग्यांची चटणी. बाबा आणि मामा हातपाय धुऊन यायचे, तरी डिझेलचा वास त्यांच्यासोबत ताटावर येऊन बसायचाच. आजही पंपावर गाडी थांबली की मला भूक लागते. घरचे हसतात.

मामा म्हणजे हरिदास मामा, मायचा धाकटा भाऊ. करडी गावात त्यांच्या धानाच्या थोड्या बांध्या, म्हणजे लहान खाचरं, होत्या. तेवढ्यात सगळ्या भावांचं भागेना, म्हणून हा आमच्याकडे राहायला आला आणि जीप चालवायला शिकला. सकाळच्या फेऱ्या बाबांच्या, दुपारच्या मामाच्या, कारण दुपारच्या उन्हात बाबांना धाप लागायची. मामा घरात असला की घर भरल्यासारखं वाटायचं. तो जेवताना बोलायचा, विहिरीवर बोलायचा, झोपेतही तुमसरच्या सवाऱ्या बोलवायचा. मी लहानपणापासून सगळ्यांच्या चुका काढत फिरायचे, म्हणून त्यानं मला मास्तरीण करून टाकलं होतं. पुढे मी खरोखरच झाले, तेव्हा त्याचं सगळं श्रेय त्यानं स्वतःकडे घेतलं.

जीपला पाटी हवी, हा हट्ट माझ्या धाकट्या भावाचा, सुमेधचा. बाकीच्या गाड्यांच्या पाट्या वर, काचेच्या कपाळावर असायच्या. सुमेधला ते मान्य नव्हतं. त्याला स्वतःचं नाव हातानं शिवता आलं पाहिजे होतं, आणि त्याचा हात जीपच्या तोंडापर्यंतच पोचायचा. मग बाबांनी तुमसरच्या पेंटरकडून पत्र्याची एक रुंद पाटी करून घेतली, निळ्यावर पिवळी अक्षरं, यशोधरा आणि सुमेध. माझं नाव आधी लिहिलं म्हणून तो रुसला, तेव्हा त्याची अक्षरं माझ्यापेक्षा मोठी काढून पेंटरनं भांडण मिटवलं. पाटी जीपच्या समोरच्या जाळीला तारेच्या दोन कड्यांनी टांगली. त्या जाळीच्या मागे रेडिएटर असतो, म्हणजे इंजिनाचं गरम पाणी जिथे वाऱ्यावर निवतं ती बारीक पत्र्यांची चाळण. दर रविवारी विहिरीवर जीप धुतली जायची. सुमेध पाटी काढून डोक्यावर धरायचा आणि ऐटीत बाजूला उभा राहायचा, मामा जाळीतून बादलीवर बादली पाणी मारायचा, आणि आतून खाणीची काळी धूळ वाहत यायची. मग सुमेध पाटी पुन्हा टांगायचा. ते काम दुसऱ्या कोणी केलेलं त्याला चालायचं नाही.

पावसाळा सरता सरता सुमेधला ताप आला. भंडाऱ्याच्या दवाखान्यात नेलं, आणि तिथून आम्ही त्याला परत आणलं ते जीपमध्येच, मागच्या सीटवर, मायच्या मांडीवर. याहून जास्त मला आजही लिहवत नाही.

त्यानंतर आमचं घर मुकं झालं. लोक येऊन गेले, बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, आणि मग कोणीच काही बोलेना. सुमेधचं नाव घरात कोणी घेईना. एके दिवशी बाबांनी तारेच्या कड्या काढून टाकल्या आणि पाटी चार बोल्ट मारून जाळीवर गच्च बसवली. तिला कोणी काढू नये, ती रस्त्यावर हलूही नये, असं त्यांना वाटलं असेल. पहिल्याच रविवारी मामा धुवायच्या वेळी पाटीजवळ गेला, तेव्हा बाबा ओट्यावरून म्हणाले, "हात नको लावू त्याले." तेव्हापासून मामा जीपच्या बाजूंवर आणि टायरांवर पाणी मारायचा आणि तोंड तसंच सोडून द्यायचा. संध्याकाळी जीप दाराकडे तोंड करून उभी राहायची. ती आली की माय दाराचं एक फळकं लोटून घ्यायची आणि पाठ करून चुलीपुढे बसायची. बाबांना ते दिसायचं, ते काही म्हणायचे नाहीत. दोघंही एकाच गोष्टीनं जळत होते आणि दोघांनाही वाटत होतं की दुसऱ्याला आपलं कळत नाही. मला दोघांचाही राग यायचा. आता मी त्यांच्या तेव्हाच्या वयाहून म्हातारी झाले आहे, तरी थोडा येतोच.

मग धान चुरायचे दिवस आले. आमच्या बाजूला ज्यांच्याकडे खळं नाही ते लोक धानाच्या पेंढ्या सरळ सडकेवर पसरतात. येणाऱ्या-जाणाऱ्या गाड्या त्यावरून जातात आणि धान आपोआप चुरून निघतं. गाडीवाले कुरकुर करत नाहीत, कारण त्यांच्याही घरचं धान कुठल्या ना कुठल्या सडकेवर पडलेलं असतं. चाकाखाली तणस, म्हणजे धानाचा वाळका पेंढा, करकर वाजतं, भुसा उडतो, सवाऱ्या तोंडाला पदर लावतात. त्याच दिवसांत जीप तापायला लागली. पहिल्यांदा झालं ते मामाच्या फेरीत. तापमानाचा काटा लाल घरात गेला, बॉनेटमधून वाफ आली, आणि सवाऱ्यांना सडकेवर उतरून उभं राहावं लागलं. पाणी पाहिलं तर बरंच कमी. मामानं निवू दिलं, शेतातल्या विहिरीवरून पाणी आणून भरलं, घरी आणली. दुसऱ्या दिवशी तेच. सकाळी बाबांच्या फेरीत काटा चढायचा पण गारव्यात तगून जायचा, आणि दुपारी मामाच्या हातात गाडी आली की उकळायची. पाणी रोज कमी होत होतं आणि कुठे जात होतं ते दिसत नव्हतं.

बाबांनी जीप तुमसरला मिस्त्रीकडे नेली. त्यानं झाकण बदललं, एक पाइप बदलला, आतला व्हॉल्व्ह काढून फेकला, फॅनचा पट्टा ताणला. जीप तरी तापलीच. मग तो म्हणाला, पाणी इंजिन पीत असेल, हेड म्हणजे इंजिनाचं डोकं खोलावं लागेल. हेड खोलायचं म्हणजे जीप किती दिवस उभी राहील याचा नेम नाही, आणि जीप उभी म्हणजे घरही थांबलं. त्या मिस्त्रीनं जीपचा प्रत्येक भाग पाहिला, फक्त तोंडासमोर तो उभा राहिला नाही. मी त्या दिवशी तुमसरच्या माझ्या शाळेतून थेट तिथेच गेले होते, म्हणून मला आठवतं. तो पाटीला वळसा घालून जायचा. सुमेध त्याच्याही गॅरेजात चाकांच्या ढिगावर बसून गेलेला होता. आमच्या लोकांच्या भिडेला काय म्हणावं, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

हेडची गोष्ट ऐकल्यावर बाबांच्या मनात काय शिरलं कोण जाणे. जेवायला बसलो होतो, वांग्याची भाजी होती, आणि त्यांनी मामाला विचारलं की गरम इंजिनात थंड पाणी ओततोस का. मामा नाही म्हणाला. निघण्याआधी पाणी पाहतोस का, असं विचारलं. तो हो म्हणाला. मग माझ्या हातात का तापत नाही आणि तुझ्याच हातात का उकळते, असं बाबांनी विचारलं. मामा ताटातला भात कालवत राहिला. बाबांचा आवाज चढला. सवाऱ्यांशी दात काढत बसतो, काट्याकडे लक्ष नसतं, जीपचा जीव घेतला, असं ते खूप काही बोलले. शेवटी ताट सरकवून म्हणाले, "आइतवारी करडीले जाय. मी एकटाच पाहून घेईन." मायच्या हातातला भाताचा उंडा तसाच राहिला. मामानं आपलं ताट शांतपणे संपवलं, विहिरीवर जाऊन धुतलं आणि पालथं घातलं.

मला त्या क्षणी फार भीती वाटली. सुमेध गेला तेव्हा वाटली होती तशीच. घरात आवाज करणारं एवढं एकच माणूस उरलं होतं. मामा गेला तर बाबा एकटेच दुपारच्या उन्हात जीप हाकतील, खोकतील, आणि माय दाराचं दुसरं फळकंही लोटून घेईल, हे मला समोर दिसत होतं. मी ठरवलं की रविवार यायच्या आत पाणी कुठे जातं ते शोधायचं. मी शाळकरी पोर, जीपमधलं मला काय कळणार, हा विचार मला शिवलाही नाही. सगळ्यांच्या चुका काढणाऱ्या बाईला इंजिनाची चूक काढायला काय हरकत होती?

मामाला मी सोबत घेतलं. तो नको नको म्हणत होता, पण त्याचं माझ्यापुढे काही चालायचं नाही. संध्याकाळी जीप उभी राहिली की आधी तिला निवू द्यायचं. मग झाकणावर ओलं पोतं टाकून मामा ते हळूच अर्धं फिरवायचा, थांबायचा, वाफ गेली की पूर्ण उघडायचा. पाणी काठापर्यंत भरायचं. खाली मी सिमेंटच्या पिशव्यांचे कोरे कागद अंथरून ठेवले. सकाळी कागद कोरडे ठाक आणि पाणी काठाला जसंच्या तसं. म्हणजे उभी असताना जीप थेंबभरही गळत नव्हती. मग मिस्त्रीची शंका पाहिली. इंजिन पाणी पीत असेल तर ते तेलात उतरतं आणि तेल ताकासारखं पांढरट होतं, असं मामा म्हणाला. आम्ही तेलाची पट्टी ओढली. तेल काळंभोर, कुठे फेस नाही. झाकण उघडं ठेवून जीप सुरू केली, पाण्यात बुडबुडे येतात का म्हणून मी वाकून पाहत राहिले. एकही आला नाही. मागून धूरही पांढरा नव्हता. मी मामाला म्हटलं, हेड चांगलं आहे. तो म्हणाला, मास्तरीणबाई, तुमचा बाप ऐकन काय?

तिसरी गोष्ट मला अचानक दिसली. रेडिएटरच्या गळ्यातून एक बारीक नळी खाली जाते, जास्तीचं पाणी बाहेर टाकायला. त्या नळीच्या तोंडाखाली लोखंडावर पांढरे ओघळ वाळलेले होते, एकावर एक. आमच्या विहिरीचं पाणी जड, उकळलं की पांढरा थर सोडतं. मायच्या चहाच्या गंजाला, म्हणजे पातेल्याला, आतून तसाच थर असायचा. म्हणजे पाणी कुठे हरवत नव्हतं. ते रस्त्यावर उकळून त्या नळीतून सांडत होतं, आणि घरी येईपर्यंत वाळून जात होतं. पाणी कमी होतं म्हणून जीप तापत नव्हती, जीप तापत होती म्हणून पाणी कमी होत होतं. आम्ही सगळे इतके दिवस उलट्या टोकाकडून पाहत होतो. आता एवढंच उरलं की ती का तापते. पट्टा ताणलेला, पंखा फिरतोय, पाणी आतून फिरतंय हेही दिसलं. उरला तो वारा. मी हे मामाला मोठ्यानं सांगितलं, आणि बोलता बोलता माझी नजर जीपच्या तोंडाकडे गेली. मामा खाली पाहत होता. तो पोतं पिळायला लागला, ते तर कोरडं होतं.

रविवारी सकाळी मामाची वळकटी आणि थैली दाराशी येऊन बसली. बाबा त्याच्याकडे न बघता जीप सुरू करून तपासत होते. मी रद्दीतलं पेपरचं एक पान घेतलं आणि जीपच्या समोर जाऊन उभी राहिले. पंखा पुढून वारा ओढतो. तो ओढत असेल तर पान जाळीला चिकटून राहायला हवं. पाटीच्या बाजूला जाळीची जी उघडी पट्टी उरली होती तिथे मी पान धरलं आणि सोडलं. ते चिकटलं नाही. सरळ खाली पडलं. मी उचलून पुन्हा धरलं, पुन्हा पडलं. बाबांनी इंजिन बंद केलं. अंगणात एकदम इतकं शांत झालं की कॉलनीतल्या नळावरच्या बायांचं बोलणं ऐकू आलं. मी काय दाखवते आहे ते त्यांना कळलं होतं. पाटी काढायला हवी, हे पुढचं वाक्य मला बोलायचं होतं आणि तोंडातून निघत नव्हतं. बाबा पाटीकडे पाहत होते आणि त्यांचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, मी हे सगळं करायला नको होतं.

दाराचं लोटलेलं फळकं उघडलं आणि माय बाहेर आली. तिच्या हातात सीटखालच्या पेटीतला पाना होता. तो तिनं कधी काढून ठेवला होता कोण जाणे. ती जीपपाशी आली, सुमेध गेल्यापासून पहिल्यांदाच, आणि पाटीसमोर उभी राहिली.

"लेकराचं नाव हाय ते," ती बाबांना म्हणाली. "पाहा जी, किती धूळ बसली त्याच्यावर. खोला. मी धुवीन."

बाबा म्हणाले, "राहू दे." पण त्यांच्या आवाजात जोर नव्हता. माय खाली बसली आणि तिनं स्वतःच पाना लावला. बोल्ट गंजले होते, पाना सटकत होता. एकदा असा सटकला की तिच्या बोटाची सालं निघाली. ती थांबली नाही. बाबांनी जरा वेळ ते पाहिलं. मग तेही तिच्या शेजारी मातीत बसले, तिच्या हातातून पाना काढून घेतला आणि एकेक बोल्ट सैल करू लागले. शेवटचा निघताना माय पाटीला खालून दोन्ही हातांनी धरून होती, मूल घेताना धरतात तशी.

पाटीमागे रेडिएटर नव्हताच. निदान दिसत नव्हता. तिथे काळ्या चिखलात बसलेलं तणस होतं, भुसा होता, धानाची फोलं होती, सगळं खाणीच्या धुळीत आणि वाफेत भिजून, तापून, भिंतीच्या गिलाव्यासारखं घट्ट झालेलं. सडकेवरचं सगळं तणस खालून उडून तिथे शिरलं होतं. पूर्वी ते दर रविवारी वाहून जायचं, आता पाटीमागे साचत गेलं. बाबांनी त्यात बोट रोवलं, ते पेरभर आत गेलं. ते बोट तसंच ठेवून कितीतरी वेळ बसून राहिले.

मग मामा बोलला, पण बाबांशी नाही, मायशी. "बाई, मले पहिल्याच आठवड्यात वाटलं होतं. तणस तिथंच अडकून राहिलं म्हून." तो पाटीकडे पाहत होता. "पन कोनत्या तोंडानं सांगू, का त्याच्या नावाची पाटी काढा? म्या म्हटलं, काम गेलं तं दुसरं भेटन."

हे ऐकून मला रडू फुटलं. आजवर मी त्या गोष्टीसाठी मामावर चिडतही आले आणि त्याच गोष्टीसाठी त्याच्यावर जीवही टाकत आले. जीपचं इंजिन फुटलं असतं, मामा बाबांच्या मनातून कायमचा उतरला असता, हा भला माणूस करडीला जाऊन चुपचाप बांध्यांत राबला असता आणि शेवटपर्यंत कोणाला सांगितलं नसतं. बाबा उठले. मामाला काही म्हणाले नाहीत. दाराशी गेले, त्याची वळकटी काखेत मारली, थैली उचलली आणि दोन्ही आत नेऊन होत्या त्या जागी ठेवल्या. बाहेर आले तेव्हा हातात मायची झाडणी होती. तिच्या काड्या मोडून दोघं मेहुणे जीपच्या तोंडाशी बसले आणि पत्रा वाकू नये म्हणून जपून, ओळ न् ओळ कोरत राहिले. विहिरीचं पाणी मी ओढून देत होते. काळं पाणी वाहून अंगणाबाहेर गेलं तरी येतच होतं.

माय पाटी घेऊन विहिरीच्या पाळीवर बसली होती. चुलीतली राख आणि चिंधी घेऊन ती पाटी घासत होती, भांडं घासतात तशी, कोपरे धरून. निळा रंग निघाला, पिवळी अक्षरं निघाली. मायला वाचता यायचं, पण अक्षरं लावत लावत. तिनं ओलं बोट अक्षरांवरून फिरवलं आणि मोठ्यानं वाचलं, आधी माझं नाव, मग त्याचं. सुमेध. ते नाव आमच्या अंगणात इतक्या दिवसांनी कोणी उच्चारलं होतं. बाबांच्या हातातली काडी थांबली. मामानं तोंड फिरवलं. मायनं ते नाव पुन्हा एकदा वाचलं, मग पाटी उन्हात उभी केली आणि भात टाकायला आत गेली. पुढे ती पाटी बुद्धाच्या मूर्तीशेजारी भिंतीला लागली. आज ती भंडाऱ्याला माझ्याकडे आहे. तिच्या चार भोकांभोवती गंजाचे डाग आहेत, ते मी कोणाला घासू देत नाही.

सोमवारी शाळेला जायला मी नेहमीसारखी बाबांच्या जीपमध्ये पुढे बसले. जीपचं तोंड उघडं बोडकं दिसत होतं. स्टँडवर सवाऱ्या बसल्या. प्रत्येकानं चढण्याआधी त्या रिकाम्या जागेकडे पाहिलं आणि कोणी काही विचारलं नाही, चिखल्याच्या लोकांची तीच भीड. जीप निघाली. सडकेवर तणस तसंच पसरलेलं होतं, चाकांखाली करकर वाजत होतं. काटा मधोमध उभा होता आणि बाबा दर वळणावर त्याच्याकडे पाहत होते. माझ्या मागे सोनाबाई बसल्या होत्या, पोपटाच्या, म्हणजे वालाच्या शेंगांची टोपली मांडीवर घेऊन तुमसरच्या बाजाराला निघालेल्या. म्हातारपणानं असेल, त्यांना राहवलं नाही.

"पाटी कुठं गेली जी?"

मी काचेबाहेर पाहू लागले. बाबांनी गिअर बदलला.

"घरी आनली," ते म्हणाले. "त्याच्या मायनं धुतली."

"बरं केलं," सोनाबाई म्हणाल्या. मग म्हणाल्या, "मी चढलो का थो मले रोज विचारे, आजी, शेंगाचं तिकीट काढलं काय? आन एक शेंग घेतल्याबगर सोडे नाही."

मागे कोणीतरी हसलं आणि लगेच थांबलं. मी बाबांकडे बघायचं टाळत होते, तरी पाहिलं. त्यांचे डोळे भरले होते आणि ते सरळ सडकेकडे पाहून जीप चालवत होते. त्यांनी घसा साफ केला. मला वाटलं खोकला येतोय.

"आनखी काय म्हने?" बाबांनी विचारलं.

मग सोनाबाईंनी सांगितलं. त्या थांबल्या तेव्हा मागच्या सीटवरच्या मास्तरांनी सांगितलं, मग त्यांच्या शेजारच्या बाईनं. प्रत्येकाकडे त्याचं काही ना काही राखून ठेवलेलं होतं. तुमसर येईपर्यंत ते बोलत राहिले आणि बाबांनी त्या दिवशी जीप फार हळू चालवली.